गॉडझिलाच्या पायातला ठेका

"माणसं बाँबनं होरपळली, त्यावर जपान्यांनी सिनेमा काढला आणि या अमेरिकनांनी त्यावर ठेका धरला! लाज वाटायला हवी." एका मित्रानं परवा सुनावलं. रोख ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन बँडच्या १९७७च्या 'गॉडझिला' या गाण्यावर होता, आणि अर्थात ते मोठ्यानं लावणाऱ्या माझ्यावर. मी म्हटलं, मजेचं गाणं आहे, सोड ना. पण ते उत्तर माझं मलाच पुरेना.

हिरोशिमा-नागासाकी सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'गोजिरा'चं, म्हणजे गॉडझिलाच्या मूळ जपानी सिनेमाचं, निमित्त त्याहून ताजं होतं. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि टूना पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. सप्टेंबरात बोटीचा रेडिओ ऑपरेटर वारला, नोव्हेंबरात इशिरो होंडांचा सिनेमा लागला. त्यात एक शास्त्रज्ञ लहान पोरापुढे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतो आणि काही न बोलता नुसती मान हलवतो.

हे सगळं गाण्यानं पुसलं, असं मित्राचं म्हणणं. १९५६च्या अमेरिकन आवृत्तीनं रेमंड बर या नटाला मध्ये घुसवून बाँबचा विषय पातळ केला, हे कबूल. पण मूळ सिनेमा काढणाऱ्या खुद्द तोहो कंपनीनं काय केलं? १९६७मध्ये गॉडझिलाला पोरगं दिलं. पुढं तर तो बालगोपाळांचा कैवारीच झाला. बँडच्या बक धर्मानं गाणं लिहिलं ते त्यानंतर. तरी त्यात विजेच्या तारा तुटतात, गाडीत अडकलेली माणसं किंचाळतात, मध्येच जपानीत बातमी येते की तो गिंझाकडे निघालाय. हा तर थेट १९५४चा गॉडझिला!



मात्र कलाकृती काय सांगते हे वेगळं आणि ती आपल्याला कुठं उभं करते हे वेगळं. सिनेमा आपल्याला रस्त्यावर, पळणाऱ्यांत उभं करतो. गाण्याची जड, दमदार रिफ सुरू झाली की आपण थेट त्याच्या पायात शिरतो. टाच आपटते ती आपली. म्हणजे मित्राचा आक्षेप त्याला वाटला त्याहून खोल जातो. नुसती मजा म्हणून मला सुटता येत नाही. चिरडण्यात मजा येते, एवढं ती रिफ लपवत नाही. खोटं बोलतात ते शब्द. शेवटी निसर्ग माणसाला धडा शिकवतो म्हणे! समुद्राच्या तळाशी पडून असलेल्याला उठवलं ते बाँबनं. निसर्गाच्या माथी ते कशाला?

आणि पुसापुशीच म्हणायची तर २०१९चा हॉलिवूडपट पाहावा. त्यात मरणपंथाला लागलेल्या गॉडझिलाला अणुबाँब फोडूनच संजीवनी देतात. श्रेयनामावलीला हेच गाणं वाजतं, सर्ज टँकियनच्या आवाजात.