परतीची जकात

पनवेलच्या जुन्या बंदराकडे आता कोणी मुद्दाम जात नाही. खाडी गाळाने उथळ झाली, मचवे नाहीसे झाले, आणि बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाल्यापासून तो रेल्वेने घाट ओलांडीपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, पुण्याहून मुंबईस जाणारा सारा देशावरचा मुलूख ज्या धक्क्यावर उतरून पडावात चढत असे, त्या धक्क्याची आठवण काढण्यास आता वयोवृद्ध माणूसच लागते. तथापि उलव्याचा डोंगर फोडून याच तालुक्यात २०२५ साली विमानतळ उभा राहिला, आणि माणसांना दूरदेशी पोचविण्याचा आमच्या गावाचा पिढीजात व्यवसाय निराळ्या रूपाने त्याच्या पदरी पुन्हा आला. बंदर म्हटले की जकात आलीच. मालाची जकात सरकार वसूल करी. पण माणूस परमुलखातून परत आला म्हणजे त्याने अंगावर, पोटात आणि मनात काय आणले याची झडती समाजही घेत असे, आणि ती जकात पंचगव्याने, क्षौराने व दक्षिणेने भरावी लागे. या दुसऱ्या जकातीविषयी चार शब्द लिहावेसे वाटण्याचे निमित्त माझी पुतणी आहे.

ती सध्या जर्मनीत शिकते. तिच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या हकिकती साऱ्या नवलाच्या होत्या: रविवारी दुकाने बंद राहून साऱ्या गावावर पसरणारी शांतता, ट्रामची मिनिटाबरहुकूम येणारी घंटा, आणि कोलोनचे ते प्रार्थनामंदिर, ज्याचा पाया १२४८ साली घातला गेला, ज्याचे काम मध्यंतरी शतकानुशतके अर्धवट पडून राहिले, आणि जे अखेर १८८० साली पुरे झाले. त्या मंदिरात तिने एक मेणबत्ती लावली. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, ज्याला तिकडे मेन्सा म्हणतात, तिने मसुरीची आमटी समजून एक वाडगा घेतला. निम्मा संपल्यावर तळाशी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे दिसले. रात्री तिचा फोन आला. ‘‘काका, मेणबत्तीचं मला काहीच वाटलं नाही, बल्लाळेश्वराच्या देवळात निरांजन लावावं तसं सहज हात पुढे गेला. पण त्या आमटीचं काय करू? आजीला सांगू का?’’

दोन कृत्ये, दोन्ही परक्या भूमीवरची. एकाने मन प्रसन्न झाले आणि दुसऱ्याने अपराधी. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर परदेवतेपुढे दीप लावणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि न जाणता घडलेले अभक्ष्यभक्षण हे जाणून केलेल्यापेक्षा निश्चितच सौम्य. कारण कामतः आणि अकामतः घडलेल्या पातकांत आमच्या स्मृतिकारांनी मोठ्या कसोशीने भेद केला असून त्यांचे प्रायश्चित्तही वेगवेगळे सांगितले आहे. मग मुलीच्या मनाचा तराजू उलट का झुकावा? आपण ज्याला धर्म म्हणतो तो बुद्धीत कमी आणि जिभेत अधिक वसतो, एवढाच याचा अर्थ असेल, तर समुद्रपार जाणाऱ्या माणसाजवळ धर्म म्हणून नक्की काय उरते, हा प्रश्न अटळ होतो.

प्राचीनांनाही तो टळला नव्हता. बौधायनाने एके ठिकाणी समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांचा विशिष्ट आचार म्हणून नोंदविला आणि दुसऱ्या ठिकाणी पातित्य आणणाऱ्या कर्मांत त्याची गणना केली. मनुस्मृतीने समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. परंतु व्याजाचा दर ठरविण्याची वेळ आली तेव्हा समुद्रयानात कुशल असलेल्या माणसांचाच शब्द प्रमाण धरला. व्यापारात ज्याचा सल्ला हवा, पानावर मात्र तो नको! पुढे निबंधकारांनी कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या कर्मांच्या, यादीत असे घातले, की नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. म्हणजे जकात भरूनही माल आत घ्यायचा नाही. या निषेधाचे मूळ खाऱ्या पाण्यात आहे असे मानणे अवघड आहे. पडावातून पनवेलची खाडी उतरून मुंबई गाठणाऱ्या शास्त्रीबोवांना त्या पाण्याची बाधा कधी झालेली नाही, आणि कोकणची माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या गलबतातूनच हिंडत आली. भय पाण्याचे नव्हते. ज्या मुलखात आपले सोवळे कोणी ओळखत नाही, विटाळ झाला तर कोणी टोकत नाही आणि स्नानसंध्या चुकली तर कोणी विचारीत नाही, त्या मुलखाचे ते होते. आचाराची राखण व्यक्ती करीत नसून तिचे शेजारी करतात, अशी एक स्पष्ट कबुलीच त्या निषेधात दडलेली आहे.

याच कबुलीला एका अठरा वर्षांच्या मुलीने १८८३ साली उत्तर दिले. आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकरीस. बदल्यांच्या फेऱ्यात हे जोडपे कल्याण आणि आमच्या शेजारचे अलिबाग या गावांतून पुढे थेट बंगालपर्यंत गेले. पत्नीची अमेरिकेत वैद्यक शिकण्याची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिले, तेव्हा धर्मांतराची अट सुचविण्यात आली. तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाचला. एवढ्या धाग्यावर तो सारा प्रवास उभा राहिला. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत आनंदीबाईंनी सांगितले, की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. तो एक जाहीर जामीनच होता; जकात नाक्यावर परतताना जी झडती व्हायची तिचे उत्तर त्यांनी निघतानाच लिहून दिले.

तो जामीन त्यांनी अक्षरशः पाळला. शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. जिथे त्या शिकत होत्या त्या फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून नेसण्याची धाटणी तेवढी गुजराती केली. रोझेलच्या घरी आपल्या हातचा स्वयंपाक करून यजमानमंडळींना आपल्या पद्धतीने जेवू घातले. पण भाड्याच्या खोलीतील शेकोटी धुराने कोंदत असे, आणि धूर पत्करावा की थंडी पत्करावी एवढीच निवड हाती राही. अन्न अपुरे, अभ्यास अतोनात. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, आणि मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याच्या आत, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पौकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. हिंदू म्हणून परत आलेली ही विदुषी अखेर समुद्रापलीकडेच विसावली.

या चरित्रापुढे हात जोडताना एक शंका मला नेहमी अस्वस्थ करते. त्या आहारविहाराच्या निष्ठेत किती भाग त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेचा होता आणि किती त्या जामिनाचा? घरी बसलेल्या हजारो माणसांचे सोवळे एका आजारी मुलीने बर्फात उभे राहून सांभाळावे, असा तर तो करार नव्हता? गोपाळरावांनाही बहुधा ही शंका आली असावी. कारण पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मंडळींकडे चहा घेणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांची नावे छापून आणण्याचा जो खटाटोप झाला त्याचे सूत्रधार तेच होते. चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताचा उंबरा ओलांडावा लागला. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नव्हता. पुण्याच्या पेठेतले दोनचार रस्ते ओलांडणे पुरले. जकात नाका बंदरावर नसून तो प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या दारात आहे, हे त्या चहाने सिद्ध केले.

आनंदीबाईंचे १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी, एक महाराष्ट्राची, एक जपानची आणि एक सिरियाची, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. माझ्या पुतणीच्या खोलीवरील प्रसंग तिने सांगितला तेव्हा मला ते चित्र आठवले. तिच्या बिऱ्हाडात एक इंडोनेशियाची मुसलमान मुलगी राहते. आमटीच्या प्रकारानंतर दोघी मिळून बाजारहाट करू लागल्या. गोळ्यांची, दह्याची, केकची पाकिटे उलटी करून त्यांच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरे वाचायची, आणि जिलेटिन या शब्दापाशी बोट थांबवायचे. एक त्यात डुक्कर असेल म्हणून थांबे, दुसरी कोणताही जीव असेल म्हणून. कारणे दोन, बोट एकाच ठिकाणी.

पनवेलकराला या दृश्यात अनोळखी काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले बेथ एल सिनेगॉग आमच्या गावात आहे, आणि एका तलावाला इस्रायल तलाव म्हणतात. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्यावर लागलेल्या मोजक्या माणसांपासून आपला वंश वाढला, असे सांगणारे बेने इस्रायल या कुलाबा मुलखात घाण्यावर तेल गाळीत, मराठी बोलत, पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी गावांची नावे लावीत शतके राहिले. ग्रंथ समुद्रात गेले होते, भाषा विसरली होती. राहिला होता शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम, ज्यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, एक प्रार्थना, सुंता, आणि पानात काय घ्यावे व काय घेऊ नये याचा दंडक. आख्यायिका अशी, की डेव्हिड राहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांपुढे सरमिसळ मासळी शिजविण्यास ठेवली, तेव्हा त्यांनी काही न बोलता खवले आणि पर नसलेली मासळी बाजूला काढली. त्या वेगळ्या काढलेल्या मासळीवरून त्याने ओळखले की ही आपली माणसे. हीच माणसे इलियाहू हन्नबी या आपल्या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ पोहे, नारळ व फळे यांचा मलिदा ठेवतात. तो थाट सगळा कोकणचा आहे. म्हणजे त्यांनी सोडलेही पुष्कळ आणि घेतलेही पुष्कळ, फक्त वेगळे काय काढायचे ते विसरले नाहीत.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे गवसल्यासारखे वाटते. घरी आचार आपल्याला सांभाळतो. परमुलखात आपल्याला आचार सांभाळावा लागतो. पनवेलच्या आमच्या घरी मुलीच्या ताटात मांस नव्हते, कारण ते बाजारातून येतच नव्हते. तिने काही नाकारले असे म्हणता येणार नाही, आणि जे नाकारता येत नाही त्याला व्रत म्हणता येत नाही. आषाढी एकादशीला बिऱ्हाडातल्या मुलींनी ‘‘तू आज का जेवत नाहीस?’’ असे विचारले तेव्हा ‘‘घरी करतात म्हणून’’ एवढे उत्तर तिला प्रथमच अपुरे वाटले. रूढी ही परप्रांतात बिनवारशी होते. कोणी तरी तिला दत्तक घ्यावे लागते. जो घेईल त्याचा तो धर्म. जो घेणार नाही त्याच्याजवळ तो घरीही नव्हताच, एवढेच फार तर त्या देशाने उघड केले.

या विचारावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्याने त्याने आपापल्या मर्जीने निवडले तर निवड आणि लहर यांत अंतर काय? उद्या कंटाळा आला की व्रतही सुटेल. मला वाटते, बेने इस्रायलांची बोटे याचे उत्तर देतात. मासळी वेगळी काढताना त्या बायकांनी कोणाला कारण सांगितले नाही, बहुधा त्यांना ते सांगताही आले नसते. परंतु त्या बोटांमागे पिढ्यांचा अभ्यास होता. निवड आपली असावी, पण निवडणारा हात शिकविलेला असावा. घराचे आणि गावाचे काम तो हात शिकविण्याइतकेच. तो परक्या दुकानात कोणत्या पाकिटावर थांबला याचा हिशेब मागण्याचे नव्हे. आणि ज्या देहाने हे सारे करायचे तो थंडीने आणि उपासमारीने विझत असेल, तर आपद्धर्म सांगणाऱ्या आमच्या शास्त्राने आपणहून जामीन मोकळा करावा. आनंदीबाईंना तेवढे कोणी कळविले असते तर बरे झाले असते.

गेल्या सुटीत पुतणी घरी आली. आमटीची हकीकत तिने आजीला सांगितली की नाही, मी विचारले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या मातोश्रींनी सुपारी कातरता कातरता, काशीहून आलेल्या माणसाला विचारावे तशा सहज स्वरात तिला विचारले, ‘‘एवढी लांब जाऊन आलीस, मग काय सोडलंस तिथे?’’ काशीस गेलेल्याने आवडीचा एखादा पदार्थ सोडून यायचा, हा आमच्याकडचा नेम. मुलगी क्षणभर गोंधळली, मग हसली. लहानपणापासून तिला त्या रबरासारख्या चिवट, रंगीत गोळ्यांचे वेड; खिशात एक पुडी नेहमी असायची.

‘‘गोळ्या सोडल्या, आजी. त्या चिवट असतात ना, त्या.’’

जिलेटिन म्हणजे काय हे मातोश्रींना ठाऊक नाही, आणि ते त्यांनी विचारलेही नाही.

‘‘आवडीच्या होत्या ना?’’

‘‘फार.’’

‘‘मग झालं,’’ असे म्हणून त्यांनी सुपारीची फोड तिच्या हातावर ठेवली.