झुडपाखालची प्रार्थना

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८



राळेगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष कसे जाते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मृगाच्या आशेवर सरकी टोबावी तर पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी कपाळी येते. पऱ्हाटी उभी राहिली तर बोंडात गुलाबी अळी शिरते. कापूस घरी आला तर बाजारात भाव नसतो. सोसायटीचे कर्ज फिटत नाही, म्हणून सावकाराचे दार धरावे लागते. ह्या संकटांत ख्रिस्ती शेतकऱ्यास वेगळे आभाळ लाभलेले नाही. तो व त्याचा शेजारी एकाच ढगाकडे पाहत असतात. म्हणून मंडळीतील पुष्कळांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो, परंतु तो उपदेशकापुढे काढण्याचे धैर्य होत नाही. तो असा : आम्ही प्रार्थना केली, तरी पीक गेले, मग प्रार्थनेचा उपयोग काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपण एलीयाजवळ शोधू. पावसासाठी प्रार्थना करणारा म्हणून तो आपणांस ठाऊक आहे. दुष्काळानंतर कर्मेल डोंगरावर त्याने गुडघ्यांत डोके घातले, चाकरास सात वेळा समुद्राकडे पाहावयास पाठविले, आणि अखेरीस तळहाताएवढा ढग वर आला. हा वृत्तांत आपण आवडीने वाचतो. परंतु पुढचाच अध्याय आपण भरभर उलटतो. तेथे हाच एलीया राणी ईजबेलीच्या भयाने पळतो, चाकरास बैरशेबा येथे मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो, आणि एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. ज्याच्या प्रार्थनेने पाऊस आला, त्याच्याच मुखातून ही प्रार्थना निघाली!

आता देवाने काय केले ते पाहा. प्रथम, तो रागावला नाही. तुझा विश्वास कोठे गेला, असे त्याने विचारले नाही. ज्या अर्थी ही प्रार्थनाही पवित्र शास्त्रात लिहून ठेविली आहे, त्या अर्थी देवापुढे शहाणपणाचेच शब्द बोलावे लागतात असे नाही. मनातील अत्यंत काळी गोष्टही त्याच्यापुढे बोलता येते. मरण मागणाऱ्या एलीयाने निदान ते देवाजवळ मागितले. तोंड मिटून तो बसला नाही. ह्यातच त्याच्या सुटकेचा आरंभ होता.

दुसरे, देवाने त्यास झोप दिली, निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली व पाण्याचा चंबू दिला; आणि हे एकदा नव्हे, दोनदा. उपदेश मागाहून झाला. तिसरे, होरेबावर त्यास कळविले की तू एकटा नाहीस, इस्राएलात सात हजार जण बाकी आहेत; आणि अलीशाच्या रूपाने एक सोबती त्यास दिला. ईजबेल तशीच राजवाड्यात राहिली. संकट टळले नाही. परंतु एकटेपणा टळला, आणि एलीया पुन्हा वाटेला लागला.

बंधूंनो, नवस आणि प्रार्थना ह्यांतील भेद येथे आहे. नवस म्हणजे देवघेव : पीक दे, मग मी अमुक करीन. ख्रिस्ती झाल्यावरही आपण पुष्कळदा नवसच करितो, केवळ नाव बदलतो. मग पीक गेले की देवाने करार मोडला असे वाटते. प्रार्थना म्हणजे लेकराने बापाजवळ तोंड उघडणे. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला टळावा म्हणून विनंती केली. तो टळला नाही, तरी त्यास पेलण्याचे बळ मिळाले. आणि हेही विसरू नये की त्या रात्री प्रभूने तिघा शिष्यांस आपल्याबरोबर जागे राहावयास सांगितले होते. देवाच्या पुत्रासही दुःखात माणसे जवळ हवी होती. मग आपण आपले कर्ज मंडळीपासून का लपवावे?

आपल्याच महाराष्ट्रातील एक दाखला घेऊ. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गांजलेले अनंतशास्त्री डोंगरे ह्यांचे कुटुंब उपासमारीने अगदी टेकीस आले. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते. अन्न सरले, आणि वृद्ध शास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय घरच्यांपुढे बोलून दाखविला. तेव्हा मुलगा म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करीन व आपणांस पोशीन. आणि तो बेत राहिला. पुढे आईबाप व थोरली बहीण निवर्तली; परंतु त्या घरातील धाकटी मुलगी वाचली. तीच पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा आपली ती उपासमार आठवून त्यांना घरी बसवेना. त्या प्रार्थना करीत मध्यप्रांतात गेल्या व शेकडो अनाथ मुली घेऊन परतल्या. त्या वेळी आपल्या वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरापासून मध्यप्रांतच लागत असे. बापाने मनातील बोलून दाखविले, आणि मुलाने ते ऐकले. ते दोघे गप्प राहिले असते, तर केडगावचे मुक्तिसदन कोठून झाले असते?

आम्ही हे कोणत्या काळजीने लिहितो, ते वाचक जाणतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात किती घरांतील कर्ते पुरुष कर्जाच्या भाराने स्वतःच्या हाताने गेले! त्यांच्या विधवांस व लेकरांस कोणी दोष देऊ नये, आणि त्या गेलेल्यांचा न्यायही आपण करू नये; तो दयाळू देवाचा अधिकार आहे. परंतु जे जिवंत आहेत त्यांस आम्ही हात जोडून विनवितो : मरणाचा विचार मनात आला तर तो देवापुढे मोठ्याने बोला, आणि त्याच दिवशी एका माणसापुढेही बोला, पत्नी, भाऊ, पाळक, शेजारी, कोणीही असो. कर्जाचा आकडा सांगण्यात लाज आहे, पण ती लाज एका संध्याकाळची आहे. वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे. शासनाने २०२२ साली टेलिमानस ही दूरध्वनीची सोय सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न घेता, मराठीत बोलता येते. देवदूताने भाकर आणली, तशीच ही मदत समजावी.

उपदेशक बंधूंनो, ज्याचे पीक गेले, जो उपासनेस येईनासा झाला, जो कोणाशी बोलत नाही, त्याच्या घरी ह्याच आठवड्यात जा. रिकाम्या हाताने जाऊ नका व प्रवचन घेऊन जाऊ नका. त्याच्याबरोबर भाकर खा, त्याचे ऐका, मग गुडघे टेका. मनात मरण आहे का, असे विचारावयास भिऊ नका. विचारल्याने ते वाढत नाही, उलट भार हलका होतो. तशी शंका आली तर त्यास एकटे सोडू नका, आणि फवारणीचे औषध त्या घरातून काही काळ दुसरीकडे ठेववा. मंडळीच्या पंचांनी सोसायटीत, बँकेत किंवा तहसील कचेरीत त्याच्याबरोबर जावे. आमेन म्हटल्यावर जी पावले उचलली जातात, तीही प्रार्थनेचाच भाग आहेत.

आपण प्रार्थना करू : हे कृपाळू पित्या, आमच्या शेतावर पाऊस पाड, अशी आमची विनंती आहेच. पण तो न आला तरी आम्हांस एकटे सोडू नको. झुडपाखाली बसलेल्यास उठीव, त्यास भाकर दे, आणि ती नेण्यास आम्हांस पाठीव. आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या नावाने मागतो. आमेन.