नाबोथाचा मळा आणि इंद्रवेल्ली

कोठे दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली, म्हणजे आपला पहिला प्रश्न असतो, "सुरुवात कोणी केली?" प्रश्न योग्यच आहे. परंतु उत्तर शोधताना आपण बहुधा त्या दिवसाच्या सकाळपर्यंतच मागे जातो. पवित्र शास्त्र त्याहून पुष्कळ मागे जाते. १ राजे, अध्याय २१ मध्ये नाबोथाला दगडमार करून ठार केल्याचे आपण वाचतो. दगड मारले गावकऱ्यांनी. पण देवाने एलीया संदेष्ट्याला पाठविले ते अहाब राजाकडे. कारण त्या हत्येची सुरुवात दगडाने झाली नव्हती. ती झाली एका मळ्याच्या लोभाने, राजाची मुद्रा लावलेल्या पत्रांनी आणि दोन खोट्या साक्षीदारांनी. सर्व काही रीतसर झाले होते, हेच त्या कथेतील भयंकर आहे.

"गरिबीमुळे माणूस हिंसक होतो," असे आपण सहज बोलून जातो. आम्हांस हे वाक्य मान्य नाही. लाखो माणसे अर्धपोटी राहतात आणि कोणावर हात उगारीत नाहीत. शिवाय अहाब काही उपाशी नव्हता! मग दारिद्र्य, विषमता आणि हिंसा यांचा संबंध जुळतो तरी कोठे? त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम आणि त्यांचे सोबती निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांचे मागणे काय होते? कसत असलेली जमीन आपल्याकडे राहावी आणि जंगलखात्याचा जाच थांबावा. अर्जविनंत्यांना दाद मिळाली नव्हती. रक्त सांडल्यावर मात्र निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांस गोंडांची स्थिती पाहण्यास पाठविले. पुढे त्याच दशकात हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, आणि मारलावाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. वाचकहो, जे रक्त सांडल्यावर देता आले, ते आधी देता आले नसते काय?

पट्टा हाती आला, पण शेत टिकले नाही. रस्ते झाले, काळ्या जमिनीतील कापसाला मोल आले आणि बाहेरून लोक येऊन वसू लागले. काही तेलुगू मुलखातून आले, काही मराठवाडा व विदर्भातून. मराठी या भागाला परकी नव्हती. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. येणाऱ्यांतही कित्येक गरीबच होते. कायदा तर आदिवासींच्या बाजूचा होता. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम १९६३ मध्ये तेलंगणात लागू झाला आणि १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही जमीन गेली. बियाण्यासाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी कर्ज घ्यावे लागे. अक्षर न ओळखणाऱ्याचा अंगठा कागदावर उमटे. थोड्या मुदतीसाठी दिलेले शेत परत येत नसे. आठवड्याच्या बाजारात मोहफुले आणि डिंक विकावा, तर तराजूही व्यापाऱ्याचाच. कोणी काठी उगारली नाही, कोणाचे रक्त निघाले नाही. पण घरातील भाकर गेली.

२० एप्रिल १९८१ हा सोमवार होता. आदल्या दिवशी जगभरच्या मंडळ्यांनी ईस्टर साजरा केला होता. इंद्रवेल्लीला त्या दिवशी बाजार होता आणि गिरिजन रयतु कुली संघमची सभाही होती. जमिनीचे पट्टे मिळावेत, सावकारी थांबावी, मालाला रास्त भाव मिळावा, हे तिचे विषय. सभेची परवानगी आधी देऊन मागाहून रद्द करण्यात आली होती. तरी डोंगरातून माणसे येतच राहिली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक याहून कितीतरी अधिक सांगतात. एका पोलिसाचाही जीव गेला.

१९४० आणि १९८१ या दोन्ही वेळी केवळ भूक नव्हती. हक्काचे शेत डोळ्यांदेखत दुसऱ्याचे झाले होते, आणि गाऱ्हाणे ऐकणारे दार बंद होते. भूक माणूस सोसतो. मुद्रा लावून केलेला अन्याय त्याला सोसवत नाही.

असे म्हणणे म्हणजे हिंसेचे समर्थन आहे काय? मुळीच नाही. वैद्य तापाचे कारण शोधतो, म्हणून तो तापाची स्तुती करीत नाही. हात उगारणारा आपल्या कृत्याचा जाब देवाला देईलच. परंतु समर्थन होईल या भीतीने कारणच न विचारणे, हे अहाबाला मोकळे सोडण्यासारखे आहे. आणि कारण दूर झाले नाही, तर पुढे गरीबच गरिबावर उठतो. डिसेंबर २०१७ मध्ये उटनूर परिसरात गोंड आदी आदिवासी आणि लंबाडा यांच्यात संघर्ष पेटला. लंबाड्यांना तेलंगणात १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील बंजारा समाजाला ते नाही. सीमेपलीकडून येणाऱ्यांमुळे आपल्या वाट्याच्या नोकऱ्या व जमिनी जातात, अशी आदिवासींची तक्रार. दोघांच्याही ताटात थोडेच, आणि भांडण त्या थोड्यासाठी.

शास्त्रात दुसरीही एक कथा आहे. नहेम्या, अध्याय ५. दुष्काळात शेते व द्राक्षमळे गहाण पडले, मुले दास झाली, तेव्हा लोकांनी मोठा आक्रोश केला. नहेम्याला संताप आला. पण तो आक्रोश करणाऱ्यांवर नव्हे, तर व्याज घेणाऱ्या सरदारांवर. त्याने सभा भरविली, स्वतःच्या घराण्याने दिलेल्या कर्जाचाही उल्लेख केला, आणि शेते त्याच दिवशी परत देण्यास सांगितले. ती परत मिळाली. तेथे एकही दगड उचलला गेला नाही. नाबोथाच्या गावी आणि नहेम्याच्या नगरात फरक एवढाच, की एका ठिकाणी गाऱ्हाणे वेळेवर ऐकले गेले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, या दोन कथा मुलांना एकापाठोपाठ शिकवा. दगड कोणी मारले हे विचाराच. पण पत्र कोणी लिहिले, आणि ज्या वडिलांनी ते वाचून मान डोलावली ते काय म्हणाले असतील, हेही विचारा. मंडळीत दुकानदार आहेत, कचेरीत काम करणारे आहेत, उसने पैसे देणारे आहेत, शेत बटाईने घेणारे आहेत. शांतीसाठी प्रार्थना आपण सारे करतो. आपला तराजू, आपली वही आणि आपण ज्यावर सही करतो तो कागद, हीही त्या प्रार्थनेचीच जागा आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले, ते कोणी त्याच्या दारावर चालून आले म्हणून नव्हे. प्रभू त्याच्या घरी आला म्हणून.

तो आमच्याही घरी येवो, आणि आक्रोशाचा दगड होण्यापूर्वी तो ऐकण्याचे कान आम्हांस देवो.