आपत्काळी दाराची कडी

सज्जनहो, ‘पांडुरंग राखणारा आहे, मग आपण धान्यपाणी कशाला साठवावे?’ असा प्रश्न हल्ली कोल्हापुरात कीर्तनानंतर आम्हांस विचारला जातो. २०२५ च्या ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर ही नावे त्यांत होती. तेव्हापासून अणुबाँब, विषारी वायू, रोगजंतू हे विषय कट्ट्यावरच्या बोलण्यात आले आहेत.

साठा करणे म्हणजे देवावर अविश्वास, हा पूर्वपक्ष. त्याला उत्तर देण्यास फार शास्त्र नको. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे लुटविली, हे आपण कीर्तनात रंगून सांगतो. पण कोठारे रिकामी असती, तर पंतांनी उघडले काय असते? आणि २०१९ व २०२१ चा महापूर आठवा. पंचगंगा पात्र सोडून घरात आली आणि नळ मात्र कोरडे, कारण उपसा केंद्रेच पाण्यात! घरात दोन हंडे झाकून ठेवलेला तेव्हा नास्तिक ठरला नाही. शेजारच्या लेकराला पाणी त्यानेच पाजले.

खरी धर्माची अडचण साठ्यात नाही, कडीत आहे. बाहेर विष पसरले, आपण दारे लावून आत बसलो आणि कोणी दार ठोठावले, तर? उघडावे तर घरचे मरतील, न उघडावे तर माळ कशाला घातली?

येथे नुसती दया पुरत नाही, माहिती लागते. अणुस्फोटानंतर मारक धूळ वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडते. तिचे तेज आरंभी भयंकर, पण झपाट्याने उतरते: स्फोटानंतर एका तासाने जेवढे असेल, त्याचा ७ तासांनी दहावा हिस्सा, २ दिवसांनी शंभरावा, २ आठवड्यांनी सुमारे हजारावा. म्हणून पहिला दिवस-रात्र तरी जाड भिंतींच्या घरात, छपरापासून व बाहेरच्या भिंतींपासून दूर बसायचे. आपल्या जुन्या वाड्यांचे माजघर याला उत्तम. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला मात्र हा आधार नाही. दार ठोठावणारा बहुधा तोच असणार. त्याला आत घेता येते! वरचे कपडे उंबऱ्याबाहेर उतरविले की बहुतेक धूळ तेथेच राहते. मग साबणाने अंग व केस धुवावे, कातडी खरवडू नये. एवढे झाले की त्याच्यापासून घराला भय उरत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो भल्या मनाचा असूनही कडी काढणार नाही.

वायूची रीत उलटी. आपल्या महामार्गावरून रसायनांचे टँकर रोज जातात, तेव्हा हे युद्धापुरते समजू नका. क्लोरीनसारखा जड वायू खाली साचतो. तेथे माडी गाठावी, फटींत ओली फडकी कोंबावी, आणि वायू ओसरल्यावर खिडक्या सताड उघडाव्यात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या लोकांना हे कोणी शिकविले नव्हते. ती माणसे धावत सुटली आणि धापा टाकताना अधिकच विष ओढून बसली.

रोगजंतूंपुढे मात्र आमचे शास्त्र अडखळते, कारण तेथे धुऊन भागत नाही. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्यांनी दार जाणूनबुजून उघडले होते. याउलट २०२० च्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकरी घरी राहिले. दोन्ही आम्ही धर्मच मानतो. जीव स्वतःचा असेल तर तो द्यावा, पण घरातल्या तान्ह्या पोराचा जीव द्यायला आपण कोण? अशा वेळी रोग्याला ओसरीवर वेगळी जागा द्यावी, जेवण-औषध पोचवावे, नाकातोंडाला फडके बांधावे. ‘जा’ तेवढे म्हणू नये.

तेव्हा मंडळी, माणशी रोज ४ लिटर धरून पाणी झाकून ठेवाल, त्यात दोन माणसांचे जास्त धरा. कोरडा शिधा, बॅटरी, रेडिओ, नेहमीची औषधे असू द्या. आणि दाराजवळ एक बादली, साबण, जुने धोतर व एक लुगडे ठेवा. येणारा कोण असेल, हे आधी कळणार नाही. धोतर-लुगड्याला माप लागत नाही, ही एक सोय आहे.