शिकणे कोणासाठी?

आजचे वाचन : २ तीमथ्य ४:९–१३

पौल रोमच्या तुरुंगात मरणाची वाट पाहतो आहे. आपला शेवट जवळ आला हे त्याने ओळखले आहे आणि याच पत्रात तसे लिहिलेही आहे. सोबतीला फक्त लूक. अशा वेळी तो तीमथ्याकडे काय मागतो? त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे. झगा मागितला ते कळते, हिवाळा तोंडावर आहे. पण चार दिवसांच्या सोबत्याला आता पुस्तके कशाला हवीत?

आपल्या मंडळ्यांमध्ये शिकण्याचे वय जणू ठरून गेले आहे. मुले शब्बाथ शाळेत जातात, वचने पाठ करतात, दृढीकरणाचा वर्ग होतो आणि तिथे वही मिटते. त्यापुढची चाळीस-पन्नास वर्षे आपण बाकावर बसून उपदेश ऐकतो. ऐकणे चांगलेच आहे, पण त्याला शिकणे म्हणता येत नाही. इथे जबलपूरच्या ओमतीत राहणाऱ्या आपल्याला तर शिकण्याचे काम दुसऱ्यावर सोपवणे आणखी सोपे आहे. याच शहरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. बायबलचा खोल अभ्यास तिथल्या विद्यार्थ्यांनी करावा आणि आपण रविवारी त्याचे फळ चाखावे, अशी आपली समजूत.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या समजुतीला टिकू देत नाही. त्यांचे आपल्या या भागाशी नातेही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला, त्यात जबलपूर जिल्हाही होता. रमाबाई पुण्याहून या प्रांतात आल्या. स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी अशाच एका दुष्काळात गमावली होती, त्यामुळे भुकेचा चेहरा त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता. त्या इथून शेकडो मुली आणि बायका घेऊन परतल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनची खरी उभारणी या अनाथ, विधवा, निरक्षर लेकीबाळींवर झाली.

त्यांना शिकवणारी ही बाई स्वतः किती वेळा विद्यार्थिनी झाली, हे पाहण्यासारखे आहे. १८७८ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, कोलकात्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढ्या मानावर एखाद्याचा जन्म निघाला असता. १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. मग वाँटेजच्या मठात आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी शिकणे आणि शिकवणे दोन्ही चालू ठेवले. पुढे अमेरिकेत गेल्यावर लहान मुलांना कसे शिकवावे याची फ्रोबेलची पद्धत त्या नव्याने शिकल्या. शास्त्र्यांशी संस्कृतात वाद घालणाऱ्या बाईने बालवाडीचे शिक्षण घ्यायला कमीपणा मानला नाही, हे मला त्या पदव्यांपेक्षा मोठे वाटते.

वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, परंपरा यांविषयी त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना धीटपणे पत्रे लिहिली. सिस्टरना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनी मात्र शंका शांतपणे ऐकून घेतल्या आणि उत्तरे दिली. हा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे आणि प्रत्येक पाळकाने, प्रत्येक शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने तो वाचावा. विचारणाऱ्याला उद्धट ठरवले की मंडळीचा एक विद्यार्थी कमी होतो. मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा बारा वर्षांचा येशू लूकने आपल्यासमोर ठेवला आहे, आणि तो ज्ञानाने वाढत गेला असेही लूकच सांगतो. देवाच्या पुत्राने ज्या वाटेने जाणे स्वीकारले, ती वाट आपल्याला ओलांडून जाता येणार नाही.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आणखी एक गोष्ट उमगली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण खुद्द ख्रिस्त सापडायचा राहिला, असे त्यांनी आपल्या साक्षीच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या, विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन चालू झाले होते, देशोदेशीचे ख्रिस्ती लोक त्यांच्याकडे आदर्श म्हणून पाहत होते. अशा जागी पोचल्यावर ‘मला अजून मुख्य गोष्ट कळली नव्हती’ हे कबूल करायला किती नम्रता लागते! विश्वासात वाढणे म्हणतात ते हेच. आपण मात्र बाप्तिस्म्याची तारीख जपून ठेवतो आणि त्यानंतर काय उमगले याची कुठे नोंदही नसते.

मग केडगावात त्यांनी आयुष्यातले सर्वांत अवघड शिकणे हाती घेतले. त्या वेळी मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. मुक्तीतल्या नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या बायकांना ती कशी कळणार? रमाबाईंनी ठरवले की साध्या मराठीत बायबल आणायचे, आणि तेही मूळ भाषांवरून. त्यासाठी चाळिशी उलटून गेल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान साथ देत नव्हते, शेकडो जणींच्या संसाराचा भार अंगावर होता, तरी हे काम वर्षानुवर्षे चालले. छापखाना मुक्तीचाच होता. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी सारे तिथल्या स्त्रियांनी केले. कालपर्यंत ज्यांच्या हाती पाटीही नव्हती, त्यांच्या हातून पवित्र शास्त्र छापून निघत होते. १९२१ च्या जुलैत एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ते पुरे करून, थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे भाषांतर आपल्या उपासनांत रूढ झाले नाही. आपण आज वाचतो ते बायबल दुसरे आहे. म्हणून ते शिकणे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. रमाबाई हिब्रू शिकल्या त्या नावासाठी नव्हे, समोर बसलेल्या बाईला देवाचे वचन कळावे म्हणून, आणि ते काम त्या बायकांच्या हातांनी, त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे झाले. स्वतःचा विकास, व्यक्तिमत्त्व घडवणे हे शब्द हल्ली सारखे कानावर पडतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या साऱ्याचे तोंड आरशाकडे असते. ख्रिस्ती माणसाच्या शिकण्याचे तोंड शेजाऱ्याकडे असायला हवे. पौलाने चर्मपत्रे मागितली तेव्हाही, मला वाटते, त्याच्या मनात स्वतःपेक्षा त्याच्या मागे राहणाऱ्या मंडळ्या अधिक असतील.

तेव्हा वय किती झाले हे आज बाजूला ठेवू या. तुमच्या घरात, गल्लीत, मंडळीत अशी एखादी व्यक्ती असेल जिच्यासाठी तुम्हाला काही शिकावे लागेल. बहिऱ्या मुलासाठी खुणांची भाषा, नातवासाठी गणित, आजारी शेजारणीसाठी शुश्रूषा, वाचता न येणाऱ्या कामवाल्या बाईला अक्षरे शिकवण्याची रीत, किंवा रविवारी न कळलेल्या एका वचनाचा नीट अर्थ. प्रार्थनेत त्या व्यक्तीचे नाव घ्या आणि याच आठवड्यात शिकायला बसा.