भाड्याचे घर आणि अस्तेय



आपल्या परिवारातील कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून पुणे, मुंबई, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचा करार असतो, डिपॉझिट भरलेले असते. घर आपले नसते, पण दिवस तर तिथेच काढायचे असतात. मग एखादा खिळा ठोकला जातो. पुढे ड्रिल येते. भिंतीला मांडणी लागते, बाल्कनीला ग्रिल बसते, कुणी ओट्याची फरशी बदलतो, तर कुणी गीझरसाठी नवी वायर ओढतो. मालकाला विचारले का, असे कुणी म्हणाले की आपले उत्तर तयार असते: "घर सुधारतोच आहोत ना, बिघडवत तर नाही! आणि विचारले तर तो नाहीच म्हणेल."

आज या उत्तरापाशी थोडे थांबू या. मी एरवी प्रवचनांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. स्वतःचे काही लिहिण्याचा अधिकार मी मानत नाही. पण हेच उत्तर एकदा मी दिले होते आणि त्यातून जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

तसबिरीमागचा डाग

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघी मैत्रिणी पुण्यात एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही त्यांना आजी म्हणत असू. त्या मुलीकडे राहत आणि या घराचे भाडे हेच त्यांचे हक्काचे उत्पन्न होते. करारात स्पष्ट लिहिले होते की लेखी परवानगीशिवाय घरात कोणताही बदल करायचा नाही. आम्ही कॉमर्सच्या विद्यार्थिनी, पण ती ओळ न वाचताच सही करून मोकळ्या झालो होतो.

चातुर्मास जवळ आला तेव्हा आम्ही एक छोटा लाकडी देव्हारा आणला. टेबलावर ठेवला तर शेजारी पुस्तके, चहाचे कप, चार्जर. म्हणून तो भिंतीवर बसवायचे ठरले. शेजारून ड्रिल मागून आणले. एक मैत्रीण म्हणाली, "आजींना एक फोन करू या का?" त्यावर मीच म्हणाले, "देवाचं काम आहे, त्याला कसली परवानगी?"

तिसऱ्या भोकाला भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली. पलीकडे न्हाणीघर होते आणि पाइप भिंतीच्या आतून गेला होता. आम्ही धावत जाऊन पाणी बंद केले, भोकात एम-सील भरले, वरून पांढरे सिमेंट फासले. पाणी थांबल्यासारखे वाटले. भिंतीवर डाग मात्र राहिला. तो दिसू नये म्हणून आम्ही त्यावर देवाची तसबीर टांगली आणि रोज तिच्यासमोर उदबत्ती लावू लागलो.

आतला पाझर काही थांबला नव्हता. दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल आली. त्या घरात तान्हे बाळ होते. खालच्या काकांनी आजींकडे तक्रार केली आणि आजी प्लंबरला घेऊन आल्या. ओल कुठून येते ते कळेना, म्हणून प्लंबर न्हाणीघराच्या फरशा फोडून बघायच्या बेतात होता. आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. खर्च किती येईल, हे त्या दोनदा विचारून झाल्या होत्या. तेव्हा मला राहवेना. मी पुढे होऊन तसबीर काढली.

आजी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, विचारलं असतंत तर सांगितलं असतं. या भिंतीत पाइप आहे. समोरच्या भिंतीत काही नाही, तिथे खुशाल लावला असतात."

पाइपचा आणि खालच्या छताच्या रंगाचा खर्च आम्ही चौघींनी भरला. पण आजींचे ते वाक्य अजून मनातून गेलेले नाही. त्या 'नाही' म्हणतील या भीतीने आम्ही विचारले नव्हते आणि त्या तर 'हो' म्हणणार होत्या. शिवाय भिंतीच्या आत काय आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक होते.

चोरी कशाची झाली?

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अस्तेय येते. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, हा अर्थ आपण शाळेत शिकतो. जैन परंपरेत याच व्रताला अदत्तादान-विरमण म्हणतात. म्हणजे जे कुणी दिलेले नाही ते न घेणे. हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. आम्ही आजींच्या घरातून वस्तू म्हणाल तर एकही उचलली नव्हती. उलट, आमचा देव्हारा त्या घरात आणला होता. मग घेतले काय? घेतला तो निर्णय. त्या भिंतीचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार आजींचा होता. भाडे देऊन आम्ही राहण्याचा हक्क घेतला होता, ठरवण्याचा नाही. तो आम्हाला कुणी दिला नव्हता आणि आम्ही तो उचलला.

हेतू चांगला होता हे खरेच. पण चांगल्या हेतूमुळे दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. आणि पहिली चूक लपवायला दुसरी करावी लागते. अस्तेय सुटले तेव्हा पाठोपाठ सत्यही सुटले. शेवटी लपवण्यासाठी आम्ही देवाच्याच तसबिरीची आड घेतली. साधकाने घाबरायला हवे ते इथे. भिंतीचे भोक बुजवता येते. पण देवाच्या नावाखाली आपण काय झाकले आहे, ते आपल्यालाही दिसेनासे होते.

"कुणाचे घर आणि कुणाचे काय!"

सत्संगात बसणाऱ्यांना आणखी एक पळवाट सापडते. "सगळे ईश्वराचेच आहे. मालक कोण आणि भाडेकरू कोण? आपण सगळेच चार दिवसांचे पाहुणे." बोलणे मोठे आहे, खोटेही नाही. पण हे वाक्य आपण कधी उच्चारतो ते तपासून पाहा. दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना ते आठवते. आपल्या डिपॉझिटमधून पैसे कापले गेले की "माझे पैसे" लगेच ओठांवर येतात.

सगळी भूमी ईश्वराची आहे, असे ज्यांनी मनापासून मानले ते विनोबा भावे आठवा. रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा १९५१ मध्ये तेलंगणात पदयात्रा करत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. हवा, पाणी, सूर्यप्रकाश यांवर जशी कुणाची मालकी नसते तशी ती जमिनीवरही नसावी, असे मानणारा हा माणूस. तरी त्यांनी कुणाच्या शेतात पाऊल रोवले नाही. त्यांनी सभेत विचारले आणि एका जमीनदाराने १०० एकर जमीन देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. पुढे वर्षानुवर्षे ते गावोगाव पायी हिंडले आणि मागत राहिले. ज्याला खरोखर 'सगळे ईश्वराचे' दिसते त्याला समोरच्या माणसातही ईश्वर दिसतो. म्हणून तो आधी विचारतो.

भरताने काय केले?

मग भाडेकरूने घराला हातच लावू नये का? तसे नाही. वाल्मीकि रामायणातील भरत पाहा. राज्य हातात होते. आईने मागून दिले होते, वडिलांचे वचन होते, गुरू आणि मंत्रीही सांगत होते. तरी ज्याचे राज्य त्याला विचारायला भरत चित्रकूटापर्यंत गेला. रामाने परत यायला नकार दिला तेव्हा त्याच्या पादुका मागून घेतल्या आणि नंदिग्रामात राहून चौदा वर्षे त्या पादुकांच्या वतीने कारभार केला. तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचे तर पादुका म्हणजे भरताची लेखी परवानगी.

पुढचा भाग आपण अनेकदा विसरतो. राम परतल्यावर भरताने त्याला सांगितले की कोश, कोठारे आणि सैन्य दहापटीने वाढले आहे, आणि हे तुझ्याच प्रतापाने झाले. म्हणजे भरताने राज्य नुसते सांभाळले नाही, सुधारलेही. सुधारणेत दोष नव्हता, कारण ती मालकाच्या संमतीने आणि मालकासाठी होती. आपण घराला हात लावू तेव्हा एवढेच पाहावे: हे मी कुणाच्या संमतीने करतो आहे, आणि निघताना आनंदाने मागे ठेवू शकेन का?

व्यवहारात कसे वागावे?

अध्यात्म व्यवहारापासून वेगळे नाही, म्हणून काही गोष्टी सरळच सांगते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूची कर्तव्ये दिली आहेत. सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी वापरेल तशी जागा वापरावी, मालकाच्या संमतीशिवाय तिथे कायमचे बांधकाम करू नये आणि वापरामुळे होणारी नेहमीची झीज सोडून जागा घेतली तशी परत करावी, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर घरमालक जागेचा ताबा परत मागू शकतो. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग किंवा एसी यांना हा कायदा कायमचे बांधकाम मानत नाही. पण अकरा महिन्यांच्या करारात बहुधा याहून कडक अटी असतात. म्हणून करार वाचा. सही करण्यापूर्वी वाचा.

विचारायचे ते लेखी विचारा. काय करायचे आहे, कुठल्या भिंतीला, खर्च कोणाचा आणि घर सोडताना ते ठेवायचे की काढायचे, एवढ्या चार गोष्टींचा एक मेसेजही पुष्कळ होतो. 'नाही' आले तर तेही स्वीकारा. खिळ्याशिवाय उभी राहणारी मांडणी बाजारात मिळते आणि देव टेबलावरही प्रसन्न असतो.

मालकच दाद देत नसेल तर? छत गळते आहे, फोन उचलत नाहीत, असेही घडते. तेव्हा गप्प बसून सोसणे म्हणजे साधना नव्हे. घर राहण्याजोगे ठेवणे ही महाराष्ट्राच्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. इथेही कायद्याने आधी सांगायला लावले आहे. हक्क आहेच, पण तो उजेडात बजावायचा.

आणि जे साधक स्वतः घरमालक आहेत त्यांना हात जोडून विनंती. भाडेकरूच्या म्हाताऱ्या वडिलांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी हवी असेल, बाळासाठी खिडकीला जाळी हवी असेल, तर 'हो' म्हणायला उशीर करू नका. आपल्या तुटक 'नाही'मुळेच लोक विचारणे सोडतात. त्यांच्या लपवण्यात थोडा वाटा आपलाही असतो.

परत देण्याचा हिशेब

हिशेबशास्त्रात एक गोष्ट शिकले. कंपनीने भाड्याच्या जागेत फर्निचर, सजावट केली, तर तो खर्च साधारणपणे कराराच्या मुदतीतच लिहून संपवतात. कारण मुदत संपली की जागा आपली नाही. जागा पूर्ववत करून देण्याचे बंधन करारात असेल, तर त्या खर्चाचा अंदाजही सुरुवातीलाच वहीत धरावा लागतो. म्हणजे आत येतानाच बाहेर पडण्याची नोंद करायची. वर्गात हे ऐकले तेव्हा मला आजींचे घर आठवले आणि मग हा देहही आठवला.

गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. त्यात देही राहतो. या घराचाही करार आहे, मुदत मात्र आपल्याला दाखवलेली नाही. इथेही आपण मालकाला न विचारता किती भोके पाडतो! राग, व्यसन, रात्रीची जागरणे. डाग दिसू लागला की त्यावर एखादी तसबीर टांगतो. इथल्या भिंतीतही कुठे काय आहे ते मालकालाच ठाऊक आहे. प्रार्थना म्हणजे तरी दुसरे काय? हात घालण्यापूर्वी त्याला विचारणे.

या आठवड्याचा संकल्प लहानसा आहे. तुम्ही राहता त्या घरातून एक फेरी मारा. न विचारता केलेला एखादा बदल आढळला तर आज मालकाला फोन करून सांगा. भरपाई द्यावी लागली तर द्या. फोन उचलताना छाती धडधडेल. माझीही धडधडली होती. पण त्या रात्री तसबिरीसमोर हात जोडले तेव्हा मागे काही लपलेले नव्हते. ती शांती तुम्हालाही लाभो, हीच प्रार्थना.

ॐ शांतिः शांतिः शांतिः