प्रतीची प्रत

तळहातावर मावणारे गेम-यंत्र, त्यात हजारो जुने गेम भरलेले मेमरी कार्ड, आणि पडद्यावर पुन्हा उड्या मारणारा मारिओ. साडेतीन इंची पडद्याची अशी चिनी यंत्रे आता सहज मिळतात, आणि कार्ड घातले की काम संपले अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या मते खरे काम तिथूनच सुरू होते. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे सोंग दुसऱ्या यंत्राकडून वठवून घेणारा प्रोग्राम. पण कोणत्या यंत्राचे सोंग, हे ठरवणाऱ्याला मूळ यंत्र ठाऊक असावे लागते. आपल्याकडच्या खेळांच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्दच मोठा फसवा आहे.

निन्टेंडोचे फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचे गेम-यंत्र 1983 मध्ये जपानात आले. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून पनवेलसारख्या गावांपर्यंत जो ‘टीव्ही गेम’ घरोघरी पोचला, तो बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल होता. त्याच्या कॅसेटही नकलाच. पहिल्या पडद्यावरचे कंपनीचे नाव खोडलेले, आणि ‘64 इन 1’च्या यादीत एकच खेळ चार वेगळ्या नावांनी, कधी थेट पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारा. त्याहून महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. जपानी यंत्र सेकंदाला सुमारे साठ चित्रे दाखवी. आपल्याकडचे टीव्ही ‘पाल’ या प्रक्षेपण पद्धतीचे, म्हणून त्यांच्यासाठी बनवलेल्या नकला पन्नासच दाखवत. खेळाची आणि संगीताची चाल चित्रांच्या मोजणीवर बांधलेली असल्याने अशा यंत्रावरचा मारिओ जपानी मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ धावत असे आणि त्याची धूनही तितकीच रेंगाळत असे. एका पिढीच्या कानात बसली आहे ती ही रेंगाळलेली धून.

तयार कार्डावर मात्र बहुधा जपानी किंवा अमेरिकी प्रत असते आणि ती साठच्या वेगाने चालते. ती चुकीची नाही, फक्त ती इथली नाही. काही एम्युलेटरांत पन्नास चित्रांच्या नकली यंत्राचा वेगळा पर्याय दिलेला असतो. तो निवडणे हा तांत्रिक नव्हे, संपादकीय निर्णय आहे. पडद्याचेही तसेच. फॅमिकॉमचे चित्र 256 बाय 240 ठिपक्यांचे. 640 बाय 480 च्या पडद्यावर ते नेमके दुप्पट केले तर प्रत्येक ठिपका स्वच्छ दिसतो, पण दोन्ही बाजूंना काळी पट्टी उरते. पडदाभर ताणले तर जुन्या टीव्हीचा आकार मिळतो, पण ठिपके असमान होतात. दोन्ही पाठ समर्थनीय आहेत, मात्र कोणता घेतला आणि का, हे सांगता आले पाहिजे. ही शिस्त ग्रंथसंपादनाची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा नकलाकारांनी केलेले फेरफार कचरा म्हणून फेकले नाहीत, तळटिपांत नोंदवले. नकलेतला बदल हा ती नक्कल कुठे, कोणाच्या हातून गेली याचा पुरावा असतो. खोडलेले नाव आणि फुगवलेली यादी हेही तसलेच पाठभेद आहेत.

यावर पहिला आक्षेप अर्थातच चोरीचा. तो हलका नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 संगणक प्रोग्रामची वैयक्तिक, बिनव्यापारी प्रत करू देते, पण ती कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून. हजारो गेम भरलेले विकतचे कार्ड या सवलतीत बसत नाही. त्याचे समर्थन मी करत नाही. पण इथेच पेच आहे. आपल्या माळ्यावरच्या बहुतेक कॅसेट मुळातच बेकायदा नकला होत्या, म्हणजे सवलतीचे दार त्यांना बंदच. कंपन्या आपले जुने खेळ स्वतः पुन्हा बाजारात आणतील, मग ही उठाठेव कशाला, असेही विचारले जाते. काही खेळ त्या आणतात, पण आणतील ती त्यांची प्रत. स्वतःचे नाव खोडलेली नक्कल कोणती कंपनी जपेल? याच कलमाने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे, परंतु ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत असेल तरच. ही तरतूद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होते, हे उघड आहे. जन्मतःच डिजिटल असलेल्या कॅसेटचा विचार त्यात नाही. उपाय चोरीकडे काणाडोळा करण्यात नाही, जतनापुरती ही अट दुरुस्त करण्यात आहे.

दुसरा आक्षेप असा की पोरांचे खेळ जपण्यात काय पुरुषार्थ? सिनेमालाही एकेकाळी असेच हलके लेखले गेले. 1931 मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. सगळेच जपता येईल असा माझा दावाही नाही. बदके टिपण्याच्या खेळातली बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच्या प्रकाशाच्या नेमक्या वेळेवर चाले. आजच्या पडद्यावर ती आंधळी होते, आणि हातातल्या यंत्रात तिची जागा एखादे बटण घेते. सोंग शेवटी सोंगच. म्हणून एम्युलेटरच्या जोडीला मूळ वस्तू हवी आणि तिची नोंद हवी.

वस्तू हाती आहेत तोवरच हे जमणार आहे. पनवेलात जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि सिडकोच्या वसाहतींतही पुनर्विकासाचे वारे आहे. घर बदलताना माळा उपसला जातो आणि टीव्ही गेम भंगारवाल्याच्या गोणीत जातो. त्या कॅसेट उघडल्या तर पुष्कळदा चिपऐवजी राळेचा काळा थेंब दिसतो. तो निकामी झाला की दुरुस्ती नाही. तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे: कॅसेट फेकण्याआधी ती कोणत्या साली, कोणत्या बाजारातून, कितीला घेतली हे एका चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवा. आणि पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयासारख्या संस्थांना विनंती: पोथ्यांच्या कपाटाशेजारी एक खण या कॅसेटींसाठी मोकळा ठेवा. वाचणारे यंत्र नंतर मिळेल. हरवलेली प्रत मिळणार नाही.